अंगठ्याएवढा खड्डा

बूट विकणाऱ्या माणसाचं सगळं शिक्षण त्याच्या अंगठ्यात असतं. पोराच्या पायात बूट सरकवला की टोकाशी अंगठा दाबायचा, आत बोटं कुठवर आलीत ते चाचपायचं, आणि आईबापाकडे बघून गंभीर चेहऱ्यानं म्हणायचं, "एक नंबर मोठा घ्या, वाढतं अंग आहे." हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलंय की एकदा नातवाला घेऊन आलेल्या आजोबांनाच मी ते म्हणून बसलो. आजोबा खूश झाले आणि स्वतःसाठीही एक जोड घेऊन गेले. तर त्या दुपारी अंगठा दाबला तो अशाच सवयीनं. बूट अजून खोक्यातच होता. बाकावर बसवलेल्या त्या पोराचं पाऊल मी हातात घेतलं, पट्टा कुठे येईल ते बघायला वरच्या बाजूला अंगठा टेकवला, आणि तोंडानं बापाशी बोलत राहिलो. अंगठा उचलला तर तिथे खड्डा. माझ्याच अंगठ्याएवढा, नीट कडा असलेला, ओल्या मातीत उमटावा तसा. मी तो भरून यायची वाट बघत बसलो. माणसाच्या अंगाला एक रीतभात असते. दाबलं की आत जातं, सोडलं की मुकाट्यानं परत येतं, जसं काही झालंच नाही. या पावलाला ती रीतभात कुणी शिकवली नव्हती. खड्डा तसाच राहिला, आणि त्याकडे बघता बघता माझ्या नाकात उकळत्या दुधाचा वास आला. चामड्याच्या आणि पुठ्ठ्याच्या दुकानात दुधाचा वास येणं हे बरं लक्षण नाही.

"पैलवान म्हणतो मी याला," बाप सांगत होता. घरांना रंग देणारा माणूस. नखांच्या कडांना निळा आणि पिवळा एकत्र साचलेला. "परवापरवा घेतलेले बूट पायातच जाईनात. मी हिला म्हटलं, बघ, म्हणत होतीस ना, पोरगं अंगाला लागत नाही. आता बाळसं धरलंय नुसतं! गाल बघा, गाल." मी गाल बघितले. गाल होतेच. गोल, ताणलेले, किंचित चकाकणारे, एखाद्यानं तेल लावून ठेवावेत तसे. शेजारी पोराची आई बसली होती, पोटुशी, मांडीवरच्या पिशवीत जुने बूट घेऊन. आमच्या दुकानात एक डोलणारा लाकडी घोडा आहे. त्याच्यावरून रोज मारामाऱ्या होतात. एका बाईंनी तर बूट राहू दे, घोड्याची किंमत सांगा म्हणून मालकांशी तास घातला होता. हे पोर, असेल दीडदोन वर्षांचं, घोड्यासमोर बसलं होतं आणि घोड्याकडे बघत नव्हतं. कशाकडेच बघत नव्हतं. ठेवलं तिथे ठेवलं होतं. गल्ल्यावरून मालक म्हणाले, "किती गुणी लेकरू आहे हो! नाहीतर एकेक कार्टी येतात." आणि बाप हसला, कारण गुणी म्हटल्यावर कुठला बाप हसणार नाही.

असली गुणी लेकरं मी लहानपणी खोलीभर बघितलीत. माझी आई एका मोठ्या दवाखान्यात मागच्या अंगाच्या वॉर्डात स्वयंपाकाला होती. स्वयंपाक म्हणजे दूध. दूध, साखर, तेल, आणखी कसलीशी पूड, आणि एक भला मोठा पळा. दिवसभर ती एवढंच शिजवायची आणि थोडं थोडं, पुन्हा थोडं थोडं, वाट्यांतून पाठवायची. आम्ही वॉर्डाच्या भिंतीला पाठ लावून असलेल्या एका खोलीत राहायचो, त्यामुळे घरी दुधाचा वास आणि वॉर्डात आमच्या घराचा वास, अशी देवाणघेवाण होती. मी त्या काळात चांगला गरगरीत होतो. कुपोषित मुलांच्या वॉर्डात वाढलेला सगळ्यात जाड मुलगा अशी माझी ख्याती होती. वॉर्डातल्या आया माझ्या दंडांकडे अशा बघायच्या की मला शर्टाच्या बाह्या खाली ओढाव्याशा वाटत. "काय घालतेस गं याला?" त्या आईला विचारायच्या. आई म्हणायची, "धपाटे." हसू फुटायचं. त्या बायकांना दिवसातून एकदा तरी हसवायचं हे आईनं स्वतःच्या कामात धरून टाकलं होतं. पगार दुधाचा होता, हसणं वरकड.

वॉर्डात दोन जातीची पोरं यायची. सुकी आणि फुगीर. सुकी पोरं म्हाताऱ्यांसारखी दिसायची, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, पण त्यांचे डोळे वाटीमागे फिरायचे. त्यांच्याबद्दल कुणाला काही समजावून सांगावं लागत नसे. आंधळ्यालाही हाताला लागेल असा तो आजार. घोटाळा फुगीर पोरांचा होता. ती गुटगुटीत दिसायची. पाय भरलेले, गाल भरलेले, केस मात्र तांबूस आणि विरळ, कणसाच्या शेंड्यासारखे. त्यांच्या आज्या वॉर्डाच्या दारात भांडायच्या: आमचं बाळसेदार पोर तुम्ही या हाडांच्या सापळ्यांत कशाला झोपवता? मग मोठ्या बाई यायच्या. मोठ्या बाई म्हणजे वॉर्डाच्या मुख्य नर्स. त्यांचं नाव मी कधी ऐकलं नाही, बहुधा त्यांनाही ते आठवत नसावं. त्या भांडायच्या नाहीत. पोराचं पाऊल हातात घ्यायच्या, अंगठा दाबायच्या, सोडायच्या आणि आजीला म्हणायच्या, "बघा आजी." एवढंच. आजी बघत राहायची. खड्डा जागचा हलायचा नाही. "हे पाणी आहे," मोठ्या बाई म्हणायच्या. "पोर आत आहे. पाण्याखाली." मला हे वाक्य फार आवडायचं. मी रात्री अंथरुणात स्वतःच्या पावलावर अंगठा दाबून बघायचो आणि खड्डा लगेच भरून आला की खट्टू व्हायचो. आपल्या आत कुणीच नाही, वरपासून खालपर्यंत सगळे आपणच आहोत, हे त्या वयात जरा निराशाजनक वाटतं.

"मोठाच नंबर द्या," बाप म्हणाला. "अजून वाढणार तो." मी हो म्हणालो. हो म्हणून उठलो, मागच्या खोक्यांच्या भिंतीआड गेलो, आणि खोक्यावरचे आकडे वाचत उभा राहिलो. वाचत होतो म्हणजे डोळे फिरत होते. मी कोण सांगणारा? माझ्या छातीवर पाटी आहे ती 'आपल्या सेवेत' एवढीच. आणि सांगणार कुठल्या तोंडानं? माझं तोंडच असं आहे की मी खरं सांगितलं तरी लोक पुढच्या ओळीची वाट बघतात. आजी वारल्याचं मीच सगळ्यांना फोन करून कळवलं तेव्हा धाकट्या काकांनी "बरं, मग?" असं विचारलं होतं. हे तोंडही मला त्या वॉर्डानंच दिलंय. इतर पोरांचं बालपण टाळ्या वाजवणाऱ्यांसमोर जातं. मी रोज संध्याकाळी खाटांच्या मधोमध उभा राहून तोंडं वाकडी करायचो, पळा डोक्यावर घालायचो, आईच्या चपला हातात घालून चार पायांनी चालायचो, आणि खाटांवरून माझ्याकडे बघायची ती गुणी लेकरं. एकही ओठ हलायचा नाही. मोठ्या बाईंनीच मला त्या कामाला लावलं होतं. "औषध, दूध आणि हा," त्या म्हणायच्या, "तिन्ही वेळेवर पाहिजेत." ज्या पोराला हसू येतं ते पोर वळणावर आलं, असा त्यांचा हिशोब. म्हणजे माझा विनोद चांगला होता की वाईट हे माझ्यावर नव्हतंच. प्रेक्षकाच्या पोटात गेलेल्या दुधावर होतं. एवढी न्याय्य रंगभूमी मला पुढे कुठेच सापडली नाही.

त्या सगळ्यांत एक होती तिला मी इन्स्पेक्टरीणबाई म्हणायचो. माझे सगळे प्रयोग तिनं पहिल्या रांगेतून बघितले, चौकशीला आल्यासारखे. पळा झाला, चपला झाल्या, पडणं झालं. मी इतका पडलो की आईनं गुडघ्यांना फडकी बांधून दिली. काही नाही. एके दिवशी मी तिच्या खाटेशी वाकून तिच्यासारखाच चेहरा करून बघत बसलो, काहीच न करता, दमून. आणि तिनं मला लाथ मारली. नाकावर, बऱ्यापैकी नेम धरून. मी बोंबललो. मोठ्या बाई धावत आल्या, माझ्याकडे ढुंकूनही न बघता तिला उचलून म्हणाल्या, "चिडली! अगं ही चिडली!" आणि वॉर्डभर बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, माझ्या नाकातून रक्त, आणि आई पळा हातात धरून दारात उभी, रडतेय की हसतेय ते वाफेत कळेना. इतकं सुख पुन्हा माझ्या नाकाला मिळालेलं नाही.

खोक्यांमागून मी आईला फोन लावला आणि त्या पावलाचं एका दमात सांगून टाकलं. आई आता ताईकडे असते. दूध शिजवत नाही, चहासुद्धा काळा पिते.

"खड्डा भरला का?" तिनं विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"नाही."

"दोन्ही पायांवर?"

"दुसरा अजून बघितला नाही."

"मग काय बूट मोजत होतास? केस?"

"तांबूस. विरळ."

"तुला बघून हसला?"

"आई, मला बघून कुणीच हसत नाही."

"रडला?"

"नाही."

मागे ताईचा कुकर वाजला. "आजच आपल्या वॉर्डात पाठव," ती म्हणाली. "आजच. आणि त्याच्या बापाला आत्ताच सांग, पोरगा आधी वाळणार आहे म्हणून. नंतर सांगितलेलं त्यांना खोटं वाटतं. ऐकतोयस ना? आधी सांग."

मला कळलं ती कुणाबद्दल बोलत होती. फुगीर पोर बरं व्हायला लागलं की पहिल्यांदा त्याचं पाणी उतरायचं. गाल जायचे, पाय जायचे, आणि चादरीवर एक सुकं पोर उरायचं, इतके दिवस आत लपून बसलेलं. वॉर्डात तो सणाचा दिवस. "वाळला! वाळला!" म्हणत मोठ्या बाई तराजूपाशी टाळ्या वाजवायच्या, वजन घटलं म्हणून टाळ्या वाजणारी जगातली तेवढीच एक जागा असेल. पण असल्याच एका दिवशी एक बाप सुट्टी काढून पोराला बघायला आला. हातात खेळण्यातली मोटार. खाटेवर बघितलं, मग शेजारच्या खाटेवर बघितलं, आपली खाट चुकली असं वाटून. मग ओरडला. भरलेलं पोर दिलं होतं तुमच्याकडे, काठी करून ठेवलीत, दूध कोण पितं इथलं? आणि बोलताना त्यानं माझ्या दंडांकडे बघितलं. पोराला खांद्यावर टाकून तो चालायला लागला. आई वाटी घेऊन फाटकापर्यंत त्याच्या मागे धावली, दूध सगळं हातावर सांडलं. काही दिवसांनी तो परत आला, एकटाच. मोठ्या बाई त्याच्या शेजारी पायरीवर बसून राहिल्या, नर्सची टोपी काढून मांडीवर ठेवून. त्या संध्याकाळी माझा प्रयोग झाला नाही. मोटार बरेच दिवस खिडकीत होती.

मी बाहेर आलो, हातात कुठलाच बूट न घेता. खाली बसलो, दुसरं पाऊल धरलं, अंगठा दाबला, सोडला. "दादा, हे बघा," मी म्हणालो. बाप वाकला. मी सगळं सांगितलं, जमेल तसं. हे बाळसं नाही, पाणी आहे. पोर आत आहे. दवाखान्यात न्यायला हवं, आज. बापाच्या चेहऱ्यावर आधीचं हसू अजून वाळायचं होतं. तो पुढच्या ओळीची वाट बघत होता.

"मग बूट?" तो म्हणाला.

"बूट नको."

हे ऐकून गल्ल्यावरचे मालक उठले. दुकानाच्या इतिहासात हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं असावं. "काय चाललंय तिकडे नटसम्राटाचं?" मी खड्डा दाखवला. मालकांनी चष्मा वर करून बघितला, आणि मग, देवा, ते स्टुलावर बसले, स्वतःचा बूट काढला, मोजा काढला आणि आपल्या पावलावर अंगठा दाबला. खड्डा पडला. चांगला खोल. "हे काय! दिवसभर उभं राहिलं की येते सूज पायांना! मला काय झालंय? मी ठणठणीत आहे!" असं म्हणून त्यांनी तो खड्डा बापाला दाखवला, बापानं निरखून बघितला, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर सुटकेचा भाव पसरला. मी पुराव्यानिशी जिंकत होतो आणि मालकांच्या डाव्या पायानं मला हरवलं. "मालक, तुम्हीही डॉक्टरकडे जा," मी म्हणालो. आता मात्र बाप मनापासून हसला. असं हे माझं तोंड.

"हा उभा राहत नाही." हे पोराची आई बोलली. ती पहिल्यांदाच बोलत होती, म्हणून सगळे तिच्याकडे वळले. "दिवसभर उभं राहून म्हणताय. हा उभाच राहत नाही आता. आधी पळायचा. टेबलाखाली जाऊन बसायचा, ओढून काढावं लागायचं."

"शहाणा झालाय," बाप म्हणाला.

"कशानं झाला शहाणा? मागतसुद्धा नाही. भाताची पेज दिली की तोंडात धरून बसतो. मी दूध तोडलं या नव्याची चाहूल लागली तेव्हा, दोन दिवस रडला, मग रडणंच बंद." तिनं पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, हाताला दोनचार केस आले. ते तिनं घाईनं मुठीत लपवले. रोजची सवय असावी. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "तिथे आईला राहू देतात का जवळ?"

"देतात. आईशिवाय घेतच नाहीत." माझ्या डोळ्यासमोर त्या खाटा आल्या, पोरांच्या पायथ्याशी मुटकुळं करून झोपलेल्या आया, दुपारी एकमेकींच्या वेण्या घालणाऱ्या. "गमती असतात तिथे," मी म्हणालो. हे मी का म्हणालो कोण जाणे. पण होत्याच. आयुष्यात पुन्हा जिथे जावंसं वाटतं अशा माझ्या जागा फार नाहीत, आणि त्यातली पहिली एक कुपोषित मुलांचा वॉर्ड आहे हे मी कुणाला सांगत नाही. लोक पुढच्या ओळीची वाट बघतात.

मग मी बापासमोर उकिडवा बसलो, जसा बूट घालताना बसतो. "दादा, एक आत्ताच सांगतो. तो तिथे वाळेल."

"काय?"

"आधी हे गाल जातील. पाय जातील. तुम्ही बघायला जाल तेव्हा ओळखू येणार नाही. तेव्हा घरी आणू नका."

"म्हणजे बरा करायला न्यायचा आणि बारीक करून घ्यायचा?"

"हो."

"हा कसला दवाखाना रे?"

"मला समजावता येत नाही. पण आणू नका. ओरडा हवं तर, तिथे ऐकून घेतात. पण आणू नका." माझा आवाज फाटला असावा, कारण मालकांनी मोजा चढवता चढवता मान वर केली. बाप माझ्याकडे बघत राहिला. पुढची ओळ आली नाही. मग त्यानं पोराला उचललं, मोठ्या हौसेनं नव्हे, तर एखादी वस्तू दिसते त्यापेक्षा हलकी निघेल की जड याचा अंदाज नसल्यासारखं. मी कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलो, रस्ता सांगितला, खालचं दार, उजवीकडचा जिना नव्हे, मागचं अंगण. बाप हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. गर्दीत त्याच्या खांद्यावरून ते पोर माझ्याकडे तोंड करून होतं. मी तोंड वाकडं केलं. भर रस्त्यात, दुकानाच्या गणवेशात. एका अनोळखी बाईंनी पर्स छातीशी धरली. पोरानं काही केलं नाही.

नंतरचे दिवस मी पायांत काढले. येईल त्या पोराचं पाऊल दाबायचो, खड्डा भरला की हुश्श करायचो. आया म्हणायच्या, मालिश पण करता का? आई रोज फोन करायची. गेले का? माहीत नाही. वॉर्डात विचार. विचारणार काय, नाव माहीत नाही, पैलवान आलाय का विचारू? विचार, ती म्हणाली. मी एकदा दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो. मागचं अंगण आता पत्र्यानं झाकलंय. आतून वाट्यांचा आवाज येत होता, स्टीलचा, एकावर एक ठेवल्याचा. ते आत असतील तर सगळं ठीक. नसतील तर मला कळेल. मी दारात उभा राहून तो आवाज ऐकला, पोटात खोलवर भूक लागली आणि मी परत फिरलो.

तो आला तेव्हा दुकानात गर्दी होती. हातावर पांढरा रंग, दाढी वाढलेली. घोड्याला वळसा घालून सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "वाळला," तो म्हणाला. ओरडला नाही, पण लोकांनी वळून बघावं इतपत आवाज होता. "काठी झालीय. काही म्हणून काही राहिलं नाही अंगावर. मी उचललंच होतं त्याला. हिनं हात धरला."

माझ्या हातात कुणाचातरी छोटा बूट होता. तो मी नीट खाली ठेवला. "मग?" मी विचारलं. घरात एवढ्या वेळा ऐकलेला हा प्रश्न मी पहिल्यांदाच खरोखर विचारत होतो.

तो बाकावर बसला. मग त्यानं वाकून उजव्या पायातली चप्पल काढली आणि ते रंगाचे शिंतोडे उडालेलं, भेगाळलेलं पाऊल माझ्या गुडघ्यावर ठेवलं, गिऱ्हाईक ठेवतं तसं. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब होतं, आणि टोकाशी जरा वाकडं.

"हे बघ," तो म्हणाला. "हे बोट. अस्संच आहे त्याचं. मला कधी दिसलंच नव्हतं."

"कुठला नंबर दाखवायचा त्यांना?" गल्ल्यावरून मालकांनी विचारलं. मी ते पाऊल तसंच धरून बसलो.